मधली जाळी

गांडूळ काव्याच्या प्रांतात फारसे शिरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. क्रमिक पुस्तकांनी त्यास 'शेतकऱ्याचा मित्र' ही पदवी बहाल केली आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. कोंबडीचे नशीब त्या मानाने बरे. तिच्या यजमानांच्या आरवण्यावाचून उजाडत नाही, असा समज तरी लोकांत आहे. परंतु या दोघांना एकाच अंगणात कसे नांदवावे, हा प्रश्न कोणा पंडिताने हाती घेतलेला मला आढळला नाही. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या थोरल्या वहिनी तो गेली कित्येक वर्षे सोडवीत आहेत. नांदेडच्या महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मी, सुट्टी लागली की अहमदपूरमार्गे गावी जातो आणि त्यांचा विद्यार्थी होतो.

आमचे घराणे माळकरी. आजीच्या हयातीत अंडे उंबरठ्याच्या आत येत नसे. वहिनींच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या अंडे खात नाहीत, विकतात. थोरले बंधू गेल्यापासून मीठमिरची, औषधपाणी आणि माहेरवाशिणीची चोळी यांचा खर्च त्या अंड्यांवरच चालतो. हिशेब त्यांचा, खजिनाही त्यांचाच.

गांडुळांचा वाफा खुराड्यापासून चार पावलांवर आहे, आणि दोहोंच्या मध्ये तारेची जाळी. ती नसती तर कोंबड्यांनी एका सकाळीच सगळा वाफा उकरून फस्त केला असता. गंमत अशी की, हा वाफा पोसला जातो तो बहुतांशी कोंबड्यांच्याच जिवावर. खुराड्यातील भुसा व विष्ठा ताजी असताना मात्र फार तीव्र असते. तिच्यातील अमोनियाने गांडुळे मरतात. म्हणून वहिनी ती शेणात आणि काडीकचऱ्यात मिसळून आधी कुजू देतात. ढिगात हात घालून त्याची ऊब गेल्याची खात्री करून घेतात, आणि मगच ते वाफ्यात पसरतात. दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळे, रवाळ खत तयार होते. ते चाळताना वाफ्याला पुरून उरलेली गांडुळे ओंजळभर कोंबड्यांपुढे पडतात. ओंजळ किती भरावयाची, हे वहिनी ठरवितात, कोंबड्या नव्हे.

चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक सबंध ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या पोटातून निघून वर येते, असा त्याने हिशेब मांडला. त्यांना ऐकू येते की काय हे पाहण्याकरिता त्याने त्यांना पियानोही ऐकविला. त्यांनी लक्ष दिले नाही. दुपारच्या तासाला शिकविणाऱ्या प्राध्यापकास या प्रयोगाचे फारसे नवल वाटत नाही.

परंतु अंगणातल्या या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती २०१६च्या उन्हाळ्यात. लागोपाठ पावसाने दगा दिला होता. एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. गांडुळाला तर ओल हवी. कोरड्या मातीत ते जगत नाही. आप्तांनी सल्ला दिला, तो व्यवहाराला धरूनच होता: गांडुळे कोंबड्यांपुढे टाकावी, कोंबड्या बाजारात न्याव्या, घराला कुलूप लावावे आणि वहिनींनी नांदेडला येऊन राहावे.

वहिनी आल्या नाहीत. त्यांनी वाफा मोडून त्याच्या चौथा हिस्सा केला, तो कडुनिंबाच्या सावलीत हलविला, वर गोणपाट घातले आणि तांदूळ-भाजी धुतलेले पाणी तेवढे त्यावर शिंपडू लागल्या. नर विकले, चार कोंबड्या व एक कोंबडा ठेविला. दाणा महागला, कोंबड्या जाळीवर चोची मारू लागल्या. शेजारीण म्हणाली, "पाखरं उपाशी, नि किड्यांचे लाड!" मी गप्पच होतो, तरी वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, बियाणं कुणी दळून खातं का?"

अर्थशास्त्रात ज्याला मुद्दल म्हणतात, त्याचे याहून नेमके विवरण मी ऐकलेले नाही. सुबत्तेत मुद्दल आणि व्याज यांतला भेद कळला नाही तरी चालते. टंचाईत तो कळला नाही तर घर बसते. आमच्या या जिल्ह्यात उसासाठी शेकडो फूट खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या आणि खालचे पाणी व्याज समजून उपसले गेले. तेथे जाळी कोणी घातली नव्हती.

पुढे पाऊस आला. दोन कोंबड्या खुडूक बसल्या आणि एकविसाव्या दिवशी अंगणात पिलांचा चिवचिवाट झाला. त्या चतकोर वाफ्यातून वर्षभरात पुन्हा पूर्ण वाफा उभा राहिला, आणि तुरीच्या तुकड्याला त्याचे खत मिळाले. आता गावातल्या सुना वहिनींकडे मूठभर गांडुळे मागावयास येतात. त्या पैसे घेत नाहीत. हातावर गांडुळे ठेवण्यापूर्वी एवढेच विचारतात, "घरी जाळी आहे का ग?"