ओसरीवर बसून राहणारा प्रोग्राम

निमगाव सावाच्या अण्णा आडतदारांकडे अजून 286 संगणक चालू आहे. काळ्या पडद्यावर पांढरी रोमन अक्षरं आणि कांद्याच्या पट्ट्यांचा जुना डॉस प्रोग्राम. नवीन मशीन घ्यायला पैशांची अडचण नाही. पण गोणी, वजन, हमाली, तोलाई सगळं त्यात बसलेलं, म्हणून मोडवत नाही. अण्णांचं दुखणं निराळंच होतं. ‘‘पट्टीवर नाव टाकायचं, मग खात्यावर तेच परत टाकायचं. इथनं उचलून तिथं ठेवता येत नाही का रं?’’

आज पोरगंही हसेल, पण डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालतो. मजकूर उचलायला मधे कुणी माणूस नाही. त्यावर जुन्या लोकांनी काढलेली युक्ती म्हणजे टीएसआर, अर्थात टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट. ‘येतो’ म्हणून उठायचं आणि ओसरीवरच बसून राहायचं! काम संपल्याचं डॉसला सांगायचं, पण मेमरीतली जागा सोडायची नाही. ठरलेली कळ दाबली की हजर. 1984 चं बोरलँडचं साइडकिक याच जातीचं. पडद्यावरचा मजकूर उचलून ते आपल्या वहीत घ्यायचं. पण 640 केबीच्या घरात ते जड, आणि ‘मला सगळ्यांत शेवटी लोड करा’ हा त्याचा हट्ट.

मला हवा होता दोन-तीन केबीचा. जुन्या फ्लॉप्या चाळून तीन सापडले.

तिघांची रीत एकच. टेक्स्ट मोडमध्ये पडद्यावर 80 रकाने आणि 25 ओळी, म्हणजे 2000 जागा. प्रत्येक जागेला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. पडदा हीच मेमरी, म्हणून प्रत करायची तर एकाआड एक बाइट वाचत जायचं, बस्स. चिकटवणं मात्र सोंग आहे. प्रोग्रामला वाटलं पाहिजे की कुणीतरी टाइप करतंय, म्हणून अक्षरं कीबोर्डच्या बफरमध्ये टाकायची. त्यात मावतात फक्त 15. घाई केली की पुढची गळतात. म्हणून शहाणा प्रोग्राम घड्याळाच्या ठोक्याला, सेकंदाला साधारण 18 वेळा, बफरमध्ये डोकावतो आणि जागा असेल तरच पुढचं अक्षर ढकलतो.

पहिला याच बाबतीत उतावळा निघाला. दुसरा मेमरीतून काढता येईना: त्याच्यानंतर बसलेल्याने कीबोर्डचा इंटरप्ट आपल्याकडे वळवला होता, मग आधीच्याला उठवायचं कसं? (उलट्या क्रमाने उठवायचं, पंगतीत नंतर बसलेला आधी उठतो तसं; पण ते अण्णांना कोण सांगणार.)

मराठी असती तर डोकं आणखी खाल्लं असतं. ग्राफिक्स मोडमध्ये मराठी काढणाऱ्या प्रोग्रामांपुढे या टीएसआरांचं काही चालत नाही. तिथे मेमरीत अक्षरं नसतात, नुसते ठिपके. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आलं आणि साध्या डॉस प्रोग्रामातही देवनागरी बसली. 1991 ला अक्षरं बाइटांत साठवायचं ‘इस्की’ मानक झालं. पण तिथेही बाइट मोजून कापलं की फसगत. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरांचं, इस्कीत मात्र दहा बाइटांचं. आठव्या बाइटला कात्री लावली तर शेवटी हलन्त राहतो, आणि पाठोपाठ ‘पवार’ चिकटवलं की होतं ‘ज्ञानेश्पवार’. असे कापलेले ज्ञानेश्वर मी याद्यांमध्ये पुष्कळ पाहिले.

तिसरा मात्र गुणी. एमईएम आज्ञेने पाहिलं तर तीन केबीच्याही आत. बाणाच्या कळांनी चौकोन आखायचा, एंटर. दुसऱ्या पडद्यावर जाऊन कळ दाबायची. ओळीच्या शेवटी आपणहून एंटर मारत नाही, हे मला जास्त आवडलं. नाहीतर अर्धवट नोंद खात्यात गेली असती.

मी नाव उचललं, खात्यात गेलो, कळ दाबली. नाव एकदम उमटलं नाही. एकेक अक्षर चालत आलं. अण्णांनी कीबोर्डावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. ‘‘कोण टायपितंय?’’