रात्री दहानंतरचा आखाडा

एका सेकंदाचे साठ तुकडे केले तर एक तुकडा साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडा मोठा भरतो. टेकन या व्हिडिओ गेममधली सगळी मारामारी या तुकड्यांत मोजतात. खेळणारे त्याला फ्रेम म्हणतात. सगळ्यात चपळ साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, आणि डोळ्यांनी पाहून बोटांनी उत्तर द्यायला माणसाला पंधरा ते वीस फ्रेम लागतात. म्हणजे तो ठोसा बघून अडवायचा नसतोच. तो येणार, हे आधी कळावं लागतं. आणि समोर कोण बसलंय हे पुरतं ठाऊक असल्याशिवाय ते कळत नाही. या खेळावर माझा जीव जडला तो याच जागी.

आम्ही चौघे. मी मावल्यात, एक पुण्यात, एक हैदराबादला, एक किनवटला. मावला म्हणजे आदिलाबादला खेटून, नागपूर-हैदराबाद महामार्गावर, तलावाच्या कडेनं पसरलेलं गाव. 2016 साली तेलंगणातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ते मंडल झालं. कापसाच्या दिवसांत रात्रभर ट्रकांचा आवाज असतो, आणि इथली थंडी तर सगळ्या तेलंगणात नावाजलेली. डिसेंबरात गेमपॅड हातात घ्यायच्या आधी तळवे चांगले चोळून घ्यावे लागतात, नाहीतर डावा अंगठा वळत नाही आणि पहिला राउंड तसाच जातो. घरात निजानीज झाली की दहाच्या सुमाराला ग्रुपवर एकच शब्द पडतो, "रूम?", आणि आम्ही नेटवर जमतो.

आमची सुरुवात टेकन 3 वर झाली. जपानमध्ये तो 1997 साली नाणी टाकायच्या मशीनवर आला आणि 1998 साली प्लेस्टेशनवर. आमच्याकडे तो पोचला तो सीडीवरून, कॉम्प्युटरवर, आणि एकाच कीबोर्डवर दोघांना बसवून. डावीकडचा आणि उजवीकडचा, दोघांची कोपरं एकमेकांच्या बरगडीत. साध्या कीबोर्डचा एक गुण असा की चार-पाच कळा एकदम दाबल्या की पुढची कळ तो घेतच नाही. हे कळलेला पोरगा नुसत्या दोन कळा दाबून धरायचा आणि शेजारच्याची लाथ निघायचीच नाही. मग भांडण. एडी गॉर्डो घ्यायचा नाही, असा अलिखित कायदा होता, कारण तो ब्राझीलचा कपोइरा खेळणारा गडी नुसती लाथांची बटणं बडवली तरी गरगर फिरून समोरच्याला झोपवायचा. तेव्हा खेळ सुधारायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. नंबर लागला, खेळलो, हरलो की उठलो.

सुधारायचं मनावर घेतलं ते सगळे पांगल्यावर. 2024 च्या जानेवारीत टेकन 8 आला. त्यात पुण्याच्या मित्राचं प्लेस्टेशन आणि माझा कॉम्प्युटर एकाच रूममध्ये येऊ शकतात. पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की जुनी बडवाबडवी चालत नाही. मी काझुया घेतो. त्याचा एक ठोसा आहे, सगळे त्याला नुसतं इलेक्ट्रिक म्हणतात. पुढे, मग बटण सोडायचं, मग खाली, मग खाली-पुढे, आणि त्या खाली-पुढेच्याच फ्रेममध्ये उजव्या हाताचं बटण. एक फ्रेम उशीर झाला तर तोच ठोसा निघतो, पण साधा. साधा ठोसा समोरच्यानं अडवला तर काझुया दहा फ्रेम उघडा पडतो, आणि दहाव्या फ्रेमला लागणारा ठोसा तर प्रत्येकाकडे असतो. ठोसा नेमक्या फ्रेमला निघाला की निळी वीज कडाडते, आणि अडवला तरी पाच फ्रेमचं पारडं काझुयाकडेच. सेकंदाच्या साठाव्या भागाचा हा फरक. अंगठ्याला घट्टा पडतो, डोकं मात्र त्या वेळी विलक्षण शांत असतं. रियाज करणाऱ्यांना काय मिळत असेल, याचा अंदाज मला या ठोशानं आला.

पण हाताची सफाई हे खेळाचं अर्धंच अंग. उरलेलं अर्धं माणसात असतं.

पुण्याचा मित्र किंग घेतो. जॅग्वारचा मुखवटा घातलेला मेक्सिकोचा पहिलवान. फ्राय तोर्मेंता नावाचे एक खरेखुरे पाद्री अनाथ मुलांच्या आश्रमासाठी मुखवटा घालून कुस्त्या लढायचे, त्यांच्यावरून हे पात्र सुचलं. किंगच्या खास पकडी सोडवायला नेमकं बटण लागतं. डावा हात पुढे आला तर डावं, उजवा आला तर उजवं, दोन्ही आले तर दोन्ही. बघून ओळखायला वेळ असतो, पण तो निम्म्या सेकंदाहूनही कमी.

एकदा मामा आले होते. माहूरकडचे, तरुणपणी जत्रांमधून इनामी कुस्त्या लढलेले. माझ्या मागं खुर्ची टाकून बराच वेळ बसले. काझुया पुन्हा पुन्हा आपटला जातोय, मी पुन्हा पुन्हा चुकीचं बटण दाबतोय. शेवटी म्हणाले, "अरे, हात काय पाहून राहिला त्याचा? खांदा पाहा. हाताच्या आधी खांदा हलते." मग किंगची एक उलटी फेक पाहून ते खुर्चीतच सरसावले. "ही तर धोबीपछाड!" असं ओरडले आणि घर जागं झालं. त्या रात्रीपासून मी खांदा बघतो. कॉम्प्युटरनं काढलेल्या माणसाचाही खांदा आधी हलतो, कारण ज्यांनी तो काढला त्यांनी खऱ्या माणसाचं अंग बघूनच काढला असणार. मामांनी आयुष्यात पॅड हातात धरला नाही. तरी आम्हा चौघांपेक्षा खेळाची समज त्यांना जास्त आहे, असं मी मनापासून मानतो.

मावला ते पुणं सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर जातो. हिशेबानं माझं बटण अडीच मिलिसेकंदात पुण्याला पोचायला हवं. तसं होत नाही, कारण तारा सरळ जात नाहीत, मध्ये किती नाकी लागतात, आणि पावसाळ्यात कुठे काय तुटेल याचा भरवसा नसतो. जुन्या पद्धतीत यावर एकच उपाय होता, थांबणं. मित्राचं बटण येईपर्यंत माझंही बटण रोखून धरायचं. तार अडखळली की खेळ चिखलातून चालल्यासारखा चालायचा. 2006 साली टोनी कॅनन यांनी दुसरी वाट काढली. अमेरिकेतली इव्हो ही लढाईच्या खेळांची मोठी स्पर्धा उभी करणाऱ्यांपैकी ते एक. एक्सबॉक्सवर नव्यानं आलेला जुना स्ट्रीट फायटर नेटवर इतका वाईट चालायचा की त्यांना राहवलं नाही. त्यांनी जीजीपीओ नावाची रचना लिहिली, आणि 2019 साली ती सगळ्यांसाठी खुली करून टाकली. त्या पद्धतीला आज रोलबॅक म्हणतात, आणि टेकन 8 मध्येही रोलबॅकच आहे.

तिची रीत मला फार आवडते. मित्राची खबर वेळेत आली नाही तरी खेळ थांबत नाही. मित्र मघाशी जे करत होता तेच आताही करतोय, असं धरून तो पुढे जातो. खरी खबर वेगळी निघाली तर काही फ्रेम मागे येतो, चुकीचं पुसतो, खरं मांडतो आणि पुन्हा आजच्या क्षणाला येऊन उभा राहतो. हे सगळं एका फ्रेमच्या आत. डोळ्याला फार तर एक बारीक हिसका जाणवतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पुण्याच्या मित्राचा किंग बदलला. हा गडी एरवी अंगावर येणारा. राउंड सुरू झाला की दोन पावलं पुढे आणि पकड, हे ठरलेलं. तो मागे सरकायला लागला. अडवत राहायचा, वेळ संपू द्यायचा, पकडच करायचा नाही. आम्ही गृहीत धरून चाललो की खेळायची नवी तऱ्हा काढतोय. किनवटचा म्हणाला, "हा घाबरून खेळून राहिला बे." त्यावर पुण्याचा हसला, काही बोलला नाही. चार-सहा दिवसांनी रूम रिकामी झाल्यावर मी थांबलो आणि विचारलं. नोकरी गेली होती. घरी सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही. महिनाभर रोज आम्ही बोलत होतो, हेडफोनमधून त्याचं हसणं ऐकत होतो, आणि कळलं ते त्याच्या हातांवरून. लोक म्हणतात, पडद्यासमोर बसून कसली मैत्री? मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. एवढंच खरं की माणूस शब्दांत जे लपवतो ते पकड सोडताना लपवू शकत नाही, आणि हे वाचायला मी त्याच्याकडून हजारदा आपटला जाऊनच शिकलो.

टेकन 8 मध्ये घोस्ट म्हणून एक सोय आहे. यंत्र तुमचा खेळ बघत राहतं आणि तुमच्यासारखा खेळणारा एक पुतळा घडवतं. तुम्ही नसताना मित्र त्याच्याशी खेळू शकतात. हैदराबादच्या मित्राला रात्रपाळी असते तेव्हा आम्ही त्याचा घोस्ट उतरवून घेतो. हुबेहूब तो. अडवल्यावर उगाच एक खालची लाथ मारायची त्याची खोड घोस्टनंही उचलली आहे. स्वतःच्या घोस्टशीही खेळता येतं, आणि सुधारायचं असेल त्यानं ते जरूर खेळावं. आपण घाबरलो की कुठे पळतो, जिंकत आलो की कशी घाई करतो, हे समोर उभं राहून अंगावर येतं. मित्र ते सांगतात, पण मित्र सांगतात तेव्हा आपण वाद घालतो.

लाहोरच्या अर्सलान ॲशचं नाव आमच्या रूममध्ये आदरानं घेतलं जातं. टेकन म्हणजे कोरिया आणि जपान, असं सगळं जग मानत होतं. 2019 च्या फेब्रुवारीत तो जपानातल्या इव्होला पोचला, व्हिसाच्या अडचणींतून, दमलेला, आणि जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगसलाही जिंकला, तेही अंतिम फेरीत कोरियाच्या 'नी' या खेळाडूला हरवून. 2023 आणि 2024 साली पुन्हा लास वेगसला तोच. जपानात जिंकल्यावर त्यानं सांगितलं की आमच्याकडे माझ्याइतके तयार आणखीही आहेत. ते खरं निघालं. मोठ्या स्पर्धा नाहीत, पैसा नाही, पण एका शहरातली पोरं रोज एकमेकांशीच लढत राहिली आणि जगाला पत्ता नसताना पुढे निघून गेली. मला या गोष्टीतली वीरश्री तितकीशी भिडत नाही. भिडते ती तिच्यातली रोजची संध्याकाळ. तीच ती चार-दहा माणसं, आणि त्यांतला एक जण नवं काही शिकून आला की दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना त्यावर उत्तर शोधावंच लागतं. त्या दृष्टीनं मावला, किनवट, पुणं आणि हैदराबाद हे आमचं एकच शहर आहे.

खेळायच्या वयाचं म्हणाल, तर 2023 साली हांगझोच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर 5 चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं तेव्हा ते 44 वर्षांचे होते. त्या स्पर्धेत भारताचेही खेळाडू उतरले होते. आणि समोरच्याला ओळखण्याचं म्हणाल, तर स्ट्रीट फायटर खेळणाऱ्या डायगो उमेहाराचा 2004 सालचा प्रसंग. कॅलिफोर्नियात, इव्होलाच. त्याच्या केनमध्ये केसाएवढा जीव उरलेला, समोर जस्टिन वाँगच्या चुन-लीनं पंधरा लाथांचा मोठा हल्ला सोडलेला. अडवला तरी मरण, कारण अडवतानाही थोडा जीव जातोच. डायगोनं प्रत्येक लाथ लागण्याच्या क्षणी पुढे बटण दाबून ती परतवली, पंधराच्या पंधरा, आणि मग उलट मारून जिंकला. पहिली लाथ बघून परतवणं अवघड असतं, ती येणार हे आधी ओळखावं लागतं. वाँग संपवायला उतावीळ झालाय, हे त्यानं ओळखलं होतं. त्या स्पर्धेची अंतिम फेरी डायगो हरला, हे पुष्कळांना माहीत नसतं. मला मात्र ते सांगावंसं वाटतं. त्या पंधरा लाथांची किंमत त्यानं तसूभरही कमी होत नाही.

दिवाळीला सगळे गावी येतात. गोंड वस्त्यांमधून दंडारीची पथकं फिरत असतात, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचतात, आणि आमच्या माडीवर एका टीव्हीसमोर चौघे बसतात. मध्ये तार नसते. नेटवर लागलेल्या खोडी तिथे उघड्या पडतात. जी पकड तिथे बिनधास्त लागायची ती इथे सुटते, कारण समोरच्याला दोन-तीन फ्रेम जास्त मिळालेल्या असतात. माझं इलेक्ट्रिक पहिल्या दिवशी सारखं लवकर निघतं. संध्याकाळपर्यंत हात जुळतो. मामा येतात, खुर्ची मागतात आणि कुणाच्या बाजूचे ते न सांगता बसतात.

पुण्याच्या मित्राला नवी नोकरी लागली, आणि किंग पुन्हा अंगावर यायला लागला आहे. यंदा तो धनत्रयोदशीला येतोय, स्वतःचा पॅड घेऊन. प्रॅक्टिस मोडमध्ये मी पुतळ्याला त्याच्या तिन्ही पकडी शिकवून ठेवल्या आहेत. कुठली कधी येईल ते मला कळत नाही. डाव्या हाताची आता बहुतेक वेळा सुटते, दोन्ही हातांचीही. उजव्या हाताची अजून बसायची आहे.