इंचभर फीत

कॅसेटच्या चाकाला आतून सहा दाते असतात आणि लाल-काळ्या पट्ट्यांच्या नटराज पेन्सिलीला सहा कडा. ही गाठ कोणी मुद्दाम घालून दिली असेल असं वाटत नाही, पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत कितीतरी घरांत कंपासपेटीतली एक पेन्सिल टेपरेकॉर्डरशेजारी कायमची मुक्कामाला असे. कॅसेट मागे न्यायचं बटण दाबलं की मोटर जोरात पळते आणि सेल उतरतात. मोठे सेल महाग, वीज बेभरवशाची. म्हणून गाणी ऐकायची सेलवर आणि कॅसेट गुंडाळायची हातानं. चाक रिकामं असताना पेन्सिल भराभर फिरवावी लागे. फीत जमत गेली की एकेका फेरीत जास्त ओढली जाई आणि हाताची लय आपोआप संथ होई. विलंबितातून द्रुतात जाण्याच्या अगदी उलट. मला ते काम फार आवडे.

कॅसेटनं आवाजाला लांबी दिली, तीही हातात धरता येईल अशी. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली ती बाजारात आणली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख लू ओटेन्स यांनी आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता आणि यंत्र त्या मापात बसवायचं ठरवलं होतं. फीत चार मिलिमीटरांपेक्षाही अरुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी. सी-९० कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे साधारण १२८ मीटर आवाज. जुन्या ७८च्या तबकडीवर गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे. इथे बडा ख्याल ऐसपैस मांडता येई. तरी नेमकी द्रुत चीज सुरू होताना बाजू संपायची आणि उठून कॅसेट उलटी करावी लागायची. ती जागा अजून कानात आहे.

कॅसेट अडकण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असे. एक बारीक लोखंडी दांडी आणि रबरी चाक मिळून फीत पुढे ढकलतात, आणि उजवीकडचं चाक ती गोळा करतं. पट्टा सैल झाला की गोळा करणारं चाक रेंगाळतं, ढकलणारं मात्र थांबत नाही. मग फीत रबराभोवती गुंडाळली जाते, आवाज आधी जाडा होतो, नंतर बुडतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी ओरडे, “बंद कर, बंद कर, खाल्ली!”

आमच्याकडे अडकलेली फीत सोडवायचं काम मामाचं. तो हात धुऊन, पुसून बसायचा. रबरी चाक उलटं फिरवत वेटोळं सोडवायचा, चिमटीतून फीत सपाट करत न्यायचा आणि पीळ राहिला नाही ना हे उजेडात पाहायचा. एक पीळ राहिला तरी फीत पाठमोरी वाजते. दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं आणि दबक्या आवाजात ऐकू येतं. कोपऱ्यांतले चार आणि मधला एक असे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली की आत दोन पातळ कागद, दोन इवल्या गिरक्या आणि धातूच्या पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा तुकडा. तो तुकडा निखळला की आवाज मंदावतो. स्वस्तातल्या कॅसेटना स्क्रूच नसायचे. त्या ब्लेडनं उकलून फीत दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवावी लागे.

चुरगळलेली फीत मामा कधीच कापत नसे. “चुरगळली तरी बोलतेय ना?” म्हणायचा. तुटली असेल तरच कात्री, आणि तीही तिरकी, म्हणजे जोडावर टक्क असा आवाज येत नाही. मग पाठच्या बाजूनं चिकटपट्टीचा फितीच्याच रुंदीचा तुकडा. एक इंच फीत गेली की जवळपास अर्धा सेकंद गेला. अर्धा सेकंद म्हणजे एखाद्या शब्दाचं शेवटचं अक्षर, किंवा समेआधीचा श्वास. अशा जोडलेल्या कॅसेटवरचे अभंग आज फोनवर अखंड ऐकताना माझा कान त्या जोडापाशी अडखळतो. मला पाठ आहे तो मामानं जोडलेला अभंग.

खासगी मैफलींच्या कॅसेट तर हातोहात फिरत. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आणि दर वेळी खरखर थोडी वाढलेली. कोरी कॅसेट नेऊन आवडीची गाणी भरून देणारी दुकानं गावोगाव होती. बराच काळ न वाजवलेल्या फितीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो, म्हणून गायक सूर लावण्याआधीच त्या सुराची सावली ऐकू येते. तंत्रज्ञ याला दोष म्हणतात. मी म्हणणार नाही.

गाणी आता सगळी मिळतात. त्यांच्यासाठी हळहळायचं कारण नाही. पण आजीनं स्वयंपाकघरात म्हटलेल्या ओव्या, बारशाचा कल्लोळ, परगावी राहणाऱ्या मुलासाठी वडिलांनी भरून पाठवलेल्या चार गोष्टी यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्या कॅसेट कपाटात असतील तर बाहेर काढा. थेट जुन्या यंत्रात घालू नका. आधी पेन्सिलीनं चार फेऱ्या देऊन पाहा, थर चिकटलेत का. मग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळा. नमदा जागेवर आहे का बघा. मागच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची पानं मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. यंत्राचं हेड स्पिरिटनं पुसून घ्या आणि पहिल्याच फेरीत संगणकावर उतरवून ठेवा. आणि उतरवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. मागे कोण बोलतंय, कोण हसतंय, हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत तोवर हे करा.