शब्द आढळला नाही

लॅटिन शिकणाऱ्यास पूर्वी जाडजूड कोश मांडीवर घेऊन बसावे लागे. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ साली प्रसिद्ध झालेला विख्यात कोश आज अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस प्रकल्पामुळे संगणकावर विनामूल्य पाहता येतो. शब्द टंकित करावा आणि अर्थ पुढे उभा राहावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु अशा कोशांत शोधताना नवख्या विद्यार्थ्याच्या पदरी पुष्कळदा ‘शब्द आढळला नाही’ एवढेच उत्तर पडते. आणि तो बापडा भाषेलाच दोष देऊन मोकळा होतो.

ग्रंथात भेटणारे रूप आणि कोशातील नोंद ही एकच असतील असा नेम नाही. ‘तुली’ म्हणजे ‘मी वाहून नेले’. पण त्याचा अर्थ पाहावयाचा ‘फेरो’ या क्रियापदाखाली! दोहोंत एकही अक्षर समान नाही. मराठी शिकणारा परकीय ‘गेला’ हे रूप ‘ग’मध्ये धुंडाळीत बसला आणि ते ‘जाणे’ या क्रियापदाचे आहे हे त्याला कोणी सांगितले नाही, तर त्याची गत हीच व्हावयाची.

लिपीचीही एक अडचण आहे. रोमन लोक ‘आय’ आणि ‘जे’ ही अक्षरे निराळी मानीत नसत. त्यामुळे ‘यम’ हा चिमुकला शब्द (नाव भयंकर, अर्थ मात्र केवळ ‘आता’) एका कोशात ‘आय’खाली, तर दुसऱ्यात ‘जे’खाली सापडतो.

सर्वांत अवघड प्रकरण ऱ्हस्व-दीर्घाचे. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ निरनिराळे लिहिले जातात. लॅटिनमध्ये ‘मलुम’ म्हणजे दुष्टता आणि ‘मालुम’ म्हणजे सफरचंद. पण दोन्ही त्याच अक्षरांनी लिहितात. दीर्घत्वाची खूण कोशांत व पाठ्यपुस्तकांत आढळते. इतरत्र ती बहुधा नसते.

शब्दरूपांची फोड करून देणारी साधनेही आता निघाली आहेत. त्यांना ‘कनिस’ विचारावे, तर ती ‘कुत्रा’ सांगतात, ‘तू गातोस’ असेही सांगतात, आणि ‘पिकल्या केसांचा’ या अर्थाच्या विशेषणाचे एक रूपही पुढे करतात. यांतून निवड करणे वाचकाकडेच राहते. त्याने आजूबाजूचे शब्द पाहावेत. शेजारी ‘लात्रत’, म्हणजे ‘भुंकतो’, हे क्रियापद उभे असेल, तर तेथे कुत्राच आहे हे कळावयास यंत्र लागत नाही.