सावलीची आखाजी

एप्रिल-मे महिन्यात मी दोंडाईच्याला निघाले असे सांगितले, की पुण्यातल्या आमच्या शेजारणी माझ्याकडे मोठ्या कणवेने पाहतात. उन्हाळ्यात माणसाने महाबळेश्वरला जावे, माथेरानला जावे, निदान कोकणात आंबे खायला तरी जावे, पण खानदेशात? धुळे-जळगावकडे वैशाखात पारा 42-44 अंशांना टेकला, तर त्याची कोणी बातमीसुद्धा करीत नाही. त्यातून माझी कातडी म्हणजे उन्हाची वैरीण, आणि उन्हापासून वाचवणाऱ्या मलमाची तर सात जन्मांची वैरीण! तरीही मी जाते, आणि गेल्यावर घरात कोंडून न घेता बाहेर हिंडते-फिरते. ते कसे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दोंडाईचा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले गाव. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने यावे. वाटेत नवापूर स्थानकावर एक गंमत पाहायला मिळते. स्थानकाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात! त्यापुढे नंदुरबार, आणि मग आमचे गाव. गावची नदी अमरावती. नावावरून विदर्भाकडे वळू नये, ही तापीला मिळणारी आमची घरची नदी. उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच अधिक. बाजारात कापूस, धान्य आणि मुख्य म्हणजे मिरची. मिरचीच्या हंगामात बाजारावरून नुसते जावे, तरी चार शिंका ठरलेल्या. अशा तिखट गावात वाढलेल्या कातडीने एखाद्या गुळगुळीत, सुवासिक मलमापुढे हात टेकावेत, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

झाले असे, की पन्नाशीच्या आसपास मला उन्हात गेल्यावर मानेवर आणि हातांवर बारीक, खाजरे पुरळ उठू लागले. डॉक्टरांनी त्याला ‘पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन’ असे लांबलचक नाव सांगितले. नाव भारदस्त असले तरी दुखणे दुर्मिळ नाही. आपल्या देशात पुष्कळांना ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते. त्यावरचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे सनस्क्रीन. ते लावले, तर दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. एक बदलले, दुसरे बदलले, चौथ्या बाटलीनंतर यजमान म्हणाले, “आता बाटल्याच उन्हात ठेव, आणि तू सावलीत बस.”

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या चिकटपट्ट्या लावून दोन दिवसांनी त्या तपासल्या. या परीक्षेला ‘पॅच टेस्ट’ म्हणतात. काही द्रव्ये अंगावर उजेड पडल्यावरच उपद्रव देतात. त्यांच्यासाठी पट्ट्यांचा दुहेरी संच लावून एकावर अतिनील किरण सोडतात. माझ्या बाबतीत गुन्हेगार दोन निघाले. एक ऑक्सिबेन्झोन, म्हणजे ऊन शोषून घेणारे रसायन, आणि दुसरा मलमातला सुवास. ऑक्सिबेन्झोन ज्या कुळातले, त्या बेन्झोफिनोनांना अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने 2014 साली ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले होते! अशा माणसांपैकी पुष्कळांना झिंक ऑक्साइडचे, बिनवासाचे मलम चालते, हे मुद्दाम सांगते; वाचकांपैकी कोणाला उपयोग होईल. माझ्या कातडीने मात्र तेही नाकारले.

याचा परिणाम असा झाला, की सलग दोन वर्षे मी आखाजीला माहेरी गेले नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. पुण्यात त्या दिवशी लोक सोने घेतात आणि आमरस खातात. खानदेशात तो लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावर मांडे होतात, आणि पुरुषमंडळी पत्ते कुटीत बसतात. बहिणाबाई चौधरींची ‘आखजी’ ही कविता प्रसिद्धच आहे. जमीन भाजून काढणाऱ्या दिवसांत असा मोकळ्यावरचा सण का ठेवला असेल, याचे नवल वाटते. पण त्याचे उत्तर पुढे येईल.

2024 च्या डिसेंबरात आई गेली. आखाजीला घरोघर पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर लहान मडके, त्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे तुमचे खरबूज. 2025 ची आखाजी 30 एप्रिलला होती, आणि तिच्या नावाची ती पहिली घागर. वहिनीने फोनवर एवढेच विचारले, “ताई, येताय ना?” येत नाही असे म्हणण्याजोगे कारण मला सुचले नाही. सुचू नये असेच वाटत होते.

जाण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी औषध दिले नाही, घड्याळ दिले. म्हणाल्या, “स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर आत जा. दुपटीएवढी लांब असेल, तर खुशाल हिंडा.” सूर्य जितका वर, तितके अतिनील किरण प्रखर, आणि सूर्य किती वर आहे हे सावलीइतके खरे कोणी सांगत नाही. दोंडाईचा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्याची दुपार बाराला न होता साडेबाराच्या सुमारास होते. आखाजीच्या सुमारास सकाळी सव्वानऊ-साडेनऊला सावली आपल्या उंचीएवढी होते, मग आखडत जाते, आणि पुन्हा तेवढी व्हायला साडेतीन वाजून जातात. संध्याकाळी पाचला ती दुप्पट झालेली असते.

यात मोठी मौज आहे. झळ आणि किरण यांची घड्याळे वेगळी आहेत. किरण साडेबाराला शिगेला पोचतात, पण जमीन आणि हवा तापत तापत तीन-चारपर्यंत जातात. म्हणून पाच वाजता अंगाची लाही होत असली, तरी माझ्या कातडीला ती वेळ बरीच सोयीची. आणि जूनमध्ये आभाळ भरून गार वारा सुटला, तरी भर दुपारी ढगांतून बरेच किरण झिरपत असतात. तोंडाला वारा गार लागला म्हणून कातडी सुरक्षित झाली, असे समजू नये. उलट संध्याकाळच्या झळेला मात्र पाणी प्यावे, कांदा खावा आणि डोके झाकावे. तो हिशेब निराळा.

हे घड्याळ घेऊन मी गावी गेले, आणि पाहते तो काय, सारे गाव त्याच घड्याळावर चालत होते! पहाटे साडेपाचला काकूने हाक मारली. ज्वारीचे पीठ रात्रीच शिजून तयार होते, आणि अंगणात खाटांवर ओली धोतरे पसरून बिबडे थापायचे होते. पाण्याचा हात लावून थापता थापता सहाला सूर्य वर आला. आठ वाजता शेवटचा बिबडा झाला. उन्हात राहायचे ते बिबड्यांनी, आम्ही ओट्यावर. तोही कोणता ओटा? दक्षिणेचा. वैशाखात सूर्य पूर्वेला थोडा उत्तरेकडे सरकून उगवतो आणि तसाच उत्तरेकडे सरकून मावळतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तरेच्या ओट्यावर येते, आणि दक्षिणेच्या ओट्यावर घराचीच सावली असते. हे मी नकाशा मांडून ताडले. काकू चाळीस वर्षे तिथेच धान्य निवडीत बसत आली आहे.

दुपारी घागर पुजली, चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी टाकली, आणि आईचे नाव घेतले. हा सारा विधी घरात, भिंतींच्या गारव्यात. त्यानंतर आमरस, मांडे आणि झोप. चिमुरड्या पोरी झोक्यासाठी दाराशी घुटमळत होत्या, त्यांना काकू ओरडली, “ऊन उतरू दे बाय, मंग खेय!” डॉक्टरीणबाईंचा सल्ला हाच होता, फक्त अहिराणीत नव्हता. सणाचे गूढ मला त्या क्षणी उकलले. आखाजी उन्हातला सण नाहीच. तो उन्हाच्या दोन टोकांचा सण आहे.

पाच वाजता आम्ही लिंबाखाली गेलो. लिंबाची सावली जाळीदार. तिच्यातून आभाळाचे तुकडे दिसतात. सावलीबद्दलही एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. अतिनील किरण सूर्याकडूनच येतात असे नाही, साऱ्या आभाळातून विखरून येतात. सावलीत बसून जितके आभाळ दिसेल, तितके ते तुम्हांला गाठतील. म्हणून दुपारी एकट्या लिंबापेक्षा दाट आंबा बरा, आंब्यापेक्षा ओटा बरा. मात्र पाच वाजता सूर्य कलल्यावर लिंब मला पुरला. पन्नाशी उलटलेल्या बाईने झोक्यावर उभे राहून झोके घ्यावेत का, हा प्रश्न वहिनीने विचारला. तो कातडीचा नसून गुडघ्यांचा होता, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले.

आता कपड्यांविषयी. खानदेशात निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, डोक्यावर पदर घेतात आणि वर रुमाल बांधतात. शहरी पाहुण्यांना तो वेष विनोदी वाटतो. ऑस्ट्रेलियात 1981 साली कातडीच्या कर्करोगाविरुद्ध जी गाजलेली मोहीम निघाली, तिच्या घोषणेत आधी सदरा, मग मलम, मग टोपी असा क्रम होता. सदरा पहिला! मलम वगळले तरी आपल्या हाती दोन हत्यारे उरतात, हा मला केवढा दिलासा. मात्र सदरा कसा हवा, तेही पाहावे. पातळ पांढरा सुती कपडा हवेशीर असतो, पण त्यातून अतिनील किरणांचा पाचवा-सातवा हिस्सा आत येतो, आणि भिजला तर त्याहून अधिक. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, चार वेळा धुऊन आटलेले कापड उत्तम. परीक्षा सोपी आहे. कापड उजेडाकडे धरावे. पलीकडचे दिसले, तर ते आपल्या कामाचे नाही. मी भावाचा जुना गडद निळा, जाडाभरडा सदरा मागून घेतला. त्याच्या बाह्या लांब, कॉलर उभी. वर रुंद काठाची टोपी आणि काळी छत्री. भाची म्हणाली, “आत्या, तू पोस्टमन दिसतेस.” दिसेनात का!

त्या वेषात दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही सारंगखेड्याला तापीवर गेलो. बंधाऱ्याने अडवलेले रुंद पाणी, त्यावरून येणारा खरोखरीचा गार वारा, आणि काठाला डांगरांचे ढीग. पाण्यात उतरले, की उन्हापासून सुटका झाली असे वाटते. ती समजूत खरी नाही. पाण्याखाली अर्धा मीटर गेले, तरी पृष्ठभागावरच्या किरणांपैकी सुमारे 40 टक्के तिथे पोचतात, आणि कोरडी वाळू काही किरण खालून परत फेकते. म्हणून डुंबायचे ते सूर्य झाडांच्या शेंड्यांवर येईपर्यंतच. आठला आम्ही परतीच्या वाटेवर होतो, आणि काही चुकले असे कोणालाच वाटले नाही.

परतताना रस्त्याच्या कडेला खडी पसरणाऱ्या बाया दिसल्या. सदरे, पदर, रुमाल, सारे होते. घड्याळ मात्र त्यांच्या हाती नव्हते. सावली आखूड झाली म्हणून त्यांना आत जाता येत नाही. घड्याळ पाळता येणे ही चैन आहे, हे तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही. आपण कोणाकडून काम घेत असू, तर निदान साडेअकरा ते साडेतीनची सुट्टी आणि बसायला दाट सावली देणे आपल्या हातात आहे.

आणखी एक सूचना. ऊन टाळणाऱ्यांना ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडू शकते. डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावे. माझे कमी निघाले, गोळ्या चालू आहेत.

पण उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा भाग अजून सांगायचाच राहिला आहे. तो रात्री असतो. आमचे घर जुने, धाब्याचे. वर पांढऱ्या मातीचे सपाट छत. संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडायचे, वास घ्यायचा, आणि जेवणे उरकली की वळकट्या घेऊन वर जायचे. कोणी गाणे म्हणते, कोणी डांगर कापते, बाजूच्या धाब्यावरून चौकशा होतात. त्या रात्री काकू, वहिनी, भाच्या आणि मी ओळीने पडलो होतो. मानेवर, हातांवर काही नव्हते. काकू आईच्या लहानपणच्या आखाजीच्या गोष्टी सांगत होती, कोणत्या लिंबाला कोणाचा झोका असे ते सांगत होती, आणि बारा वाजून गेले तरी थांबत नव्हती. मलमाची बाटली लागते ती दिवसाच्या मधल्या काही तासांना. बाकीचा सारा उन्हाळा आम्हां नाजूक कातडीच्या माणसांनाही मोकळा आहे; फक्त त्याची वेळ सावलीला विचारावी.