हप्त्यांचा विषय

२०२३-२४ या वर्षात मी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत निवडून आलेली उपाध्यक्ष होते. शिक्षण आणि परीक्षा हे खातं माझ्याकडे होतं. काम पूर्ण वेळेचं, पगारी. ब्रिटनच्या १९९४ च्या शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थी संघटनेची प्रमुख पदं गुप्त मतदानानेच भरावी लागतात आणि पगारी पदावर कोणालाही दोन वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही हे पद घेता येतं, म्हणून मी उभी राहू शकले.

कोल्हापुरात कॉलेजला असताना मी वर्ग प्रतिनिधी होते, पण मला कोणी मत दिलं नव्हतं. आदल्या वर्षी वर्गात पहिली आले होते, एवढंच. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यातली ती तरतूदही १९९४ चीच. कॅम्पसवरच्या हाणामाऱ्या थांबाव्यात म्हणून निवडणुका बंद झाल्या आणि मतांच्या जागी गुण आले. २०१६ च्या नव्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली, पण २०१९ मध्ये ठरलेलं मतदान विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकललं गेलं. त्यामुळे लोकांनी मतं देऊन समितीवर पाठवणं म्हणजे काय, हे मला घरापासून इतक्या लांब येऊन कळलं.

स्कॉटलंडमधल्या बहुतेक विद्यापीठांत सर्वोच्च नियामक मंडळाला कोर्ट म्हणतात. पैसा, इमारती, नोकरभरती, सगळ्याचा शेवटचा निर्णय तिथे. शिक्षणाचे विषय सेनेटकडे. २०१६ च्या स्कॉटिश कायद्याने कोर्टात विद्यार्थी संघटनेने पाठवलेले दोन सदस्य बंधनकारक केले. संघटनेचा अध्यक्ष आणि मी, असे आम्ही दोघं तिथे बसायचो. या जागांना जुना वारसा आहे. विद्यार्थी प्रतिनिधी मंडळांना इथे १८८९ पासून कायद्याचा आधार आहे. १९७२ मध्ये तर एडिनबर्ग विद्यापीठात गॉर्डन ब्राऊन स्वतः विद्यार्थी असताना रेक्टर म्हणून निवडून आले आणि त्या नात्याने कोर्टाच्या अध्यक्षपदी बसले. पुढे ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

कोर्टाशिवाय माझ्याकडे बऱ्याच समित्या होत्या: अभ्यासक्रम, परीक्षा, ग्रंथालय, विद्यार्थी कल्याण. प्रत्येक बैठकीच्या आठवडाभर आधी कागद यायचे, कधी दोन-दोनशे पानं. ते सगळे वाचून जाणारे सदस्य थोडे असतात, आणि जो वाचून जातो त्याचं बोलणं ऐकलं जातं, मग तो प्राध्यापक असो की विद्यार्थी. दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. मोठ्या टेबलावर येईपर्यंत विषय जवळजवळ ठरलेला असतो. तो आधी एखाद्या छोट्या कार्यगटात मांडला जातो, मग समितीत घासला जातो, आणि कोर्टात येतो तेव्हा होय म्हणणंच उरलेलं असतं. आपल्याला हरकत घ्यायची असेल तर दोन पायऱ्या खालीच घ्यावी लागते.

माझ्या वर्षातला सगळ्यात मोठा विषय नायजेरियाच्या विद्यार्थ्यांच्या फीचा. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपलं चलन, नायरा, बाजारभावावर सोडलं. त्याआधी एका डॉलरला साधारण ४६० नायरा पडायचे; फेब्रुवारी २०२४ मध्ये पंधराशेच्या आसपास गेले. फी पौंडातच राहिली. घरच्यांनी जमीन विकून, नातेवाइकांकडून उसनं घेऊन जमवलेली रक्कम पहिल्या हप्त्यातच संपली. दुसऱ्या हप्त्याला तेवढेच पौंड घ्यायचे तर दुपटी-तिपटीने नायरा हवे होते.

आमच्या विद्यापीठाचा नियम सरळ होता: निम्मी फी प्रवेशावेळी, उरलेली जानेवारीत. मुदत चुकली की ईमेल आणि ग्रंथालयाचं खातं बंद. त्यानंतर नाव कमी. नाव कमी झालं की विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावंच लागतं, कारण व्हिसाचं प्रायोजक विद्यापीठच असतं. मग विद्यार्थ्याला देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. माझी फी कोल्हापूरच्या बँकेने शैक्षणिक कर्जातून परस्पर विद्यापीठाच्या खात्यात भरली होती. हप्त्याची तारीख माझ्या मनातही कधी आली नव्हती. आता माझ्या खोलीत रोज कोणी ना कोणी त्या तारखेचं ओझं घेऊन येत होतं. खातं बंद झाल्यामुळे प्रबंधासाठी लागणारे लेख उघडत नाहीत, आणि फी भरायची मुदत वाढवून मागावी तर विद्यापीठाचं उत्तर बंद झालेल्या ईमेलवर येतं, अशी त्यांची कोंडी होती.

हा नियम कुठे ठरला, हे शोधायला वेळ लागला. तो वित्त समितीत ठरला होता, आणि त्या समितीत विद्यार्थ्याची जागाच नव्हती. कोर्टापुढे यायचं ते तिचं फक्त इतिवृत्त. मग मी विषय विद्यार्थी कल्याण समितीतून न्यायचं ठरवलं. समितीच्या सचिव अनेक वर्षं तिथे होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं: टिपण दोन पानांचं कर, मागण्या सगळ्यात वर लिही, आणि बैठकीच्या आधी वित्त संचालकांना दाखव, बैठकीत पहिल्यांदा समोर आलेला विषय लोक पुढे ढकलतात. मी तसंच केलं. ‘विद्यार्थी चिंतेत आहेत’ असलं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. नावं वगळून एक तक्ता होता: कोणी कधी किती भरलं, त्या दिवशीचा नायराचा भाव, खातं कोणत्या तारखेला बंद झालं, त्या आठवड्यात कोणता निबंध द्यायचा होता. त्या तक्त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका प्राध्यापकांनी विचारलं, फी थकली म्हणून ग्रंथालय बंद करून आपल्याला नेमकं काय मिळतं? त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

याच काळात कोर्टाच्या सदस्यत्वाची अवघड बाजू समोर आली. कोर्टात बसलेला विद्यार्थी नुसता निरोप्या नसतो. कायद्याने त्याला संस्थेचं एकूण हित पाहावं लागतं आणि गोपनीय कागद बाहेर बोलता येत नाहीत. विद्यापीठाचा अर्थसंकल्प परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर किती टेकलेला आहे, नायजेरियातून येणारे अर्ज कमी झाले तर कुठे कात्री लागेल, हे मी वाचत होते. बाहेर आलं की मुलं विचारायची, “आमचा कोर्स बंद होणार का?” ज्यांनी मला निवडून दिलं त्यांच्यासमोर गप्प बसणं हा या पदाचा सगळ्यात जड भाग आहे, असं मला आजही वाटतं. मी एक नेम केला: “मला काहीच माहीत नाही” असं कधी म्हणायचं नाही. “मला काही गोष्टी माहीत आहेत, त्या आज सांगता येत नाहीत, सांगता येतील त्या दिवशी येऊन सांगेन,” असं म्हणायचे. आणि कोर्टात प्रत्येक गोपनीय कागदावर विचारायचे, हा का गोपनीय, आणि कधीपर्यंत? विचारल्यावर काही कागद त्याच बैठकीत खुले झाले. प्रतिनिधीने हा प्रश्न दर वेळी विचारलाच पाहिजे.

मार्चपर्यंत नियम बदलला. दोन हप्त्यांच्या जागी मासिक हप्ते आले. खातं बंद करण्याआधी विद्यार्थ्याशी प्रत्यक्ष बोलणं सक्तीचं झालं, आणि थकबाकी कितीही असली तरी ग्रंथालय उघडं राहील असं ठरलं. चलनाच्या पडझडीसाठी फीत सूट मात्र नाकारली गेली. ज्यांची नावं त्याआधी कमी झाली होती त्यांना या बदलाचा उपयोग झाला नाही. त्यांतली एक, सार्वजनिक आरोग्य शिकणारी, प्रबंध अर्धा लिहून लागोसला परत गेली. तिच्यासाठी वेगळा अर्ज केला होता; तो मान्य झाला नाही.

वित्त समितीत विद्यार्थ्याला जागा मिळावी, ही मागणी मी कोर्टात लेखी मांडली. कोर्टाने ती समित्यांच्या फेरआढाव्यावर सोपवली, आणि तेवढ्यात माझी मुदत संपली. माझ्यानंतर निवडून आलेली मुलगी स्कॉटिश आहे. इथल्या विद्यार्थ्यांची पहिल्या पदवीची फी सरकार भरतं, त्यामुळे तिने आजवर फी भरलेली नाही. पदावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. फेरआढाव्याची फाइल तिने वाचून ठेवली होती; हप्त्यांनी फी भरणारी मुलं कुठे भेटतील, एवढंच तिला विचारायचं होतं.