वीस लिटर समुद्र आणि खान्देशी ऊन

तापी भुसावळवरून वाहत जाते आणि सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. समुद्राला उलट्या वाटेने खान्देशात यायचे झाले, तर तो पुडक्यातून येतो. मत्स्यालयांसाठी मिळणारे सुमारे 720 ग्रॅम सागरी मीठ, आरओचे 20 लिटर पाणी आणि रात्रभर ते ढवळत ठेवणारा छोटा पंप एवढे जुळले, की सकाळी बादलीत समुद्राचे पाणी तयार असते. जळगाव-धुळ्यातल्या हौशी माणसाच्या रीफ टाकीची, म्हणजे प्रवाळवर्गातले जीव ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, सुरुवात इथून होते. दगड, दिवा, जीव ही सगळी पुढची गोष्ट. या भागात टाकी जगते की मरते, हे ठरते रोज हवेत उडून जाणाऱ्या पाण्याच्या हिशेबावर.

घरात समुद्र सांभाळण्याची हौस जुनी आहे. 1846 साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हता. घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, म्हणजे त्यात हवा मिसळे. पुढे 1961 साली जकार्त्याचे ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते, असे लिहून दाखवले. मुंबईत 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र दारातच होता. खान्देशात तो नाही, म्हणून इथे पाण्यापासूनच आरंभ करावा लागतो.

स्वयंपाकाचे मीठ इथे चालत नाही. समुद्राच्या क्षारांत 85 टक्क्यांच्या आसपास सोडियम आणि क्लोराइड असते. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम येतात आणि प्रवाळवर्गातल्या जिवांचे त्यावाचून भागत नाही. बोअरचे जड पाणीही नको. घरच्या आरओला टीडीएस वाढवायचा नळ असेल तर तो पूर्ण बंद करावा, कारण त्यातून कच्चे पाणी मिसळते. आणि पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये. माणसाला ते चांगले मानतात, पण शंख, कोळंबी, खेकडे यांना तांबे अगदी थोड्या प्रमाणातही मारते.

टाकी घरी बनते. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत सुमारे 27 लिटर पाणी मावते. दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की 20 लिटर उरते. एवढ्याला 5 मिलिमीटरची काच पुरते. गावातला काचवाला मापात कापून धार घासून देतो. सिलिकॉन मात्र निरखून घ्यावा. बाथरूमसाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारे औषध असते, ते टाकीतल्या जिवांनाही मारते. साधा, पारदर्शक, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन घ्यावा आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत टाकी बाजूला ठेवावी. मग ओट्यावर जुना पेपर अंथरून त्यावर ती साध्या पाण्याने भरून दिवसभर ठेवावी. पेपर कोरडा राहिला तर काम झाले.

दगडही घरीच होतो, आणि या कामातला सर्वांत आनंदाचा भाग तोच. पांढरे सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि मूठमूठ खडेमीठ एकत्र कालवायचे. ओल्या वाळूत हाताने खड्डे करून त्यात हे मिश्रण ओतायचे. घट्ट झालेला दगड पाण्यात टाकला की खडेमीठ विरघळते आणि दगडाच्या अंगभर छिद्रे, भोके, लहान गुहा उरतात. सूक्ष्मजंतूंना हवी असते ती हीच जागा. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो, त्यामुळे दगड गोड्या पाण्यात बुडवून पाणी वारंवार बदलावे लागते. महिना-दोन महिन्यांनी पाण्याचा पीएच साडेआठच्या खाली स्थिरावला, की दगड टाकीत जायला योग्य झाला.

त्यानंतरचे चार ते सहा आठवडे टाकीत डोळ्यांना दिसेल असे काहीच नसते. शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, 20 लिटरला सुमारे 125 मिलिग्रॅम टाकायचा. चिमटीच्या निम्म्याहूनही हे कमी भरते. दगडावर वाढणारे एक प्रकारचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषे. तिसरे थोड्या प्रमाणात चालते. चाचणीच्या नळीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागेपर्यंत एकही जीव आणू नये.

आता उन्हाचा प्रश्न. रीफच्या पाण्याला 25 ते 27 अंश सेल्सिअस मानवते. जळगावचा मे 45 अंशांपर्यंत जातो. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एकच अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते. तेव्हा घरातल्या टाकीत दहा अंशांची चूक चालेल अशी आशा कोणी धरू नये. मोठ्या टाकीला चिलर लावतात. 20 लिटरच्या टाकीला एक लहान पंखा पुरतो. पृष्ठभागावर तिरका वारा सोडला की पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एवढी टाकी एक अंशाने थंड व्हायला साधारण 35 मिलिलिटर पाणी उडावे लागते. खान्देशात घरोघरी कूलर चालतो तो याच नियमावर.

मात्र कूलरचा पंप टाकीत टाकायचा नाही. 18 वॅटचा पंप जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढी उष्णता पाण्यात सोडतो. बाहेर जायला वाट नसेल तर तेवढ्यानेच 20 लिटर पाणी तासाला पाऊण अंशाने तापेल. दोन-तीन वॅटचा पंप घ्यावा.

पाणी उडते, मीठ मागे राहते. विसातले एक लिटर उडाले की लिटरमागे 35 ग्रॅम असलेली क्षारता 36.8 वर जाते. झोआंथिड या प्रवाळवर्गातल्या जिवांची रुपयाच्या नाण्याएवढी वसाहत हे आधी सांगते. एरवी तिचा प्रत्येक जीव हिरवी-केशरी तबकडी उघडून, कडेची बारीक झालर पसरून बसलेला असतो. बोट लावले तर क्षणात मिटून कळी होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडतो. पाणी खारट होत गेले की त्या कळ्या दुपार उलटली तरी अर्ध्या मिटलेल्याच राहतात.

उपाय सोपा आहे, नेम मात्र रोजचा. काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावायची आणि पातळी त्याखाली गेली की आरओचे गोडे पाणी घालायचे. खारे कधीही घालायचे नाही, कारण मीठ उडालेलेच नसते. ठिबक सिंचनासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात हे काम थेंबावर सोपवायला कोणाला शिकवावे लागत नाही. शेतातला ड्रिपर मात्र इथे फार जोरात चालतो. त्याऐवजी दवाखान्यातला सलाइनचा नवा सेट वापरता येतो. दिवसाला एक लिटर भरून काढायचे तर, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून, मिनिटाला चौदा थेंब पडू द्यायचे.

आणि इथेच पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटते, मे निभावला म्हणजे वर्ष निभावले. खरी कसोटी जूनमध्ये लागते. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर धरले, तर पारा जिथे थांबतो त्याखाली वाऱ्याने पाणी थंड होऊच शकत नाही. हवा 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर तो पारा 23 अंशांपाशी थांबतो. पावसाचे ढग जमले, हवा 35 अंशांवर उतरली, पण आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली, तर तो 29 वर थांबतो. माणसाला हायसे वाटते, टाकी मात्र तापते. शिवाय पाणी उडणे कमी होते, चौदा थेंब तसेच पडत राहतात आणि क्षारता घसरत जाते. म्हणून पहिल्या पावसाआधीच थेंब कमी करावेत, टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवावी आणि दिव्याचे तास घटवावेत. वीज गेली तर सेलवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी. थंडीत उलटे. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा 50 वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लागतोच.

एवढ्या पाण्यात मासा नको. विदूषक मासा अंड्यांतून वाढवण्याचे तंत्र आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने साध्य केले आहे, पण त्यालाही 20 लिटर अपुरे. दोन-चार शंख, एखादा शंखातला खेकडा, झोआंथिड आणि मशरूम कोरल यांनी टाकी भरून जाते. झोआंथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. दगडाला हात लावताना हातमोजे घालावेत आणि असा दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये. त्याच्या वाफेने माणसे दवाखान्यात गेली आहेत. लहान मुले असलेल्या घरात टाकीला जाळीचे झाकण असावे.

कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार "भाऊ, एवढा तुकडा कोण बघतो?" म्हणाला, तरी तो घेऊ नये. समुद्रातून उचललेला जिवंत दगडही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून घरी केलेला सिमेंटचा दगड बरा. प्रत्येक जिवाची पावती मागावी, तो कुठून आला हे विचारावे आणि शंका असेल तर वनविभागाकडे यादी पाहावी. कठीण प्रवाळ पाहायची ओढ असेल तर मालवणला जावे. तिथले सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. तिथे पाण्यात डोके घालून पाहावे. पाय ठेवू नये, काही उचलून आणू नये.

खान्देशात टाकी भरायला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. हवा कोरडी असते, ऊन सौम्य असते आणि मे यायला सहा महिने हातात असतात. यंदा कोणाच्या मनात असेल तर त्याने आधी दगड करायला घ्यावा, दिवाळी झाली की टाकी भरावी आणि पहिला शंख आणण्याआधी महिनाभर रोज किती पाणी उडाले ते वहीत लिहून ठेवावे.